घर आवरण्याची साधने: कोणती खरोखर वेळ वाचवतात?

घरातला पसारा कमी करायचे ठरले की अनेक जण आवरायला बसण्याआधी खरेदीला निघतात. पारदर्शक डबे, हवा काढून चपट्या होणाऱ्या पिशव्या, नावाच्या पट्ट्या छापणारी छोटी यंत्रे, कागद बारीक कापणारे श्रेडर अशी कितीतरी साधने आता सहज मिळतात आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या वेष्टनावर घर नीटनेटके करून देण्याचे आश्वासन छापलेले असते. ही साधने मी स्वतःच्या घरी आणि आवरायला मदत हवी असलेल्या नातलगांच्या घरी वापरून पाहिली आहेत. त्यांचे परीक्षण करताना मी एकच कसोटी लावली आहे: हातात घेतलेल्या वस्तूबद्दलचा निर्णय या साधनामुळे लवकर होतो का? आवराआवरीत उचलण्या-ठेवण्याचे श्रम असतातच, पण खरा वेळ जातो तो ‘हे ठेवावे की काढावे’ या प्रश्नापाशी. एका खणात शंभर वस्तू असतील तर हा प्रश्न शंभर वेळा सोडवावा लागतो, आणि संध्याकाळपर्यंत येणारा थकवा बराचसा त्याचाच असतो.

पसाऱ्याचा मनावर ताण येतो याला संशोधनाचाही काही आधार आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडप्यांना आपापले घर दाखवत त्याचे वर्णन करायला सांगितले होते. ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे यांचे उल्लेख जास्त होते, त्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाची पातळी दिवसभरात जशी उतरायला हवी तशी उतरत नव्हती. पसाऱ्यामुळेच हे घडले असे त्यातून सिद्ध होत नाही, कारण आधीच थकलेल्या माणसालाही घर अधिक विस्कटलेले दिसू शकते. तरीही ‘अर्धवट राहिलेली कामे’ हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. सगळे घर एकाच वेळी उपसून ठेवणारी आवराआवर त्या यादीत आणखी एका अर्धवट कामाची भर घालते. म्हणून मी ज्या साधनांना वरचे स्थान देते ती सगळी काम लहान करणारी आणि ते पूर्ण करून देणारी आहेत.

त्यांत पहिला क्रमांक निःसंशय डोळ्यांना दिसणाऱ्या टायमरचा. गोल तबकडीवर लाल रंगाचा एक भाग असतो, आपण हवी तेवढी मिनिटे लावायची आणि वेळ सरत जाईल तसा तो लाल भाग आक्रसत जातो. १९९० च्या दशकात जॅन रॉजर्स या अमेरिकन आईने ‘अजून किती वेळ?’ असे सतत विचारणाऱ्या आपल्या लहान मुलीसाठी असा टायमर तयार केला आणि पुढे तो ‘टाइम टाइमर’ या नावाने शाळांमधून व घरांमधून पसरला. आता याच धर्तीचे टायमर इतरही अनेक उत्पादक करतात. आकडे वाचता न येणाऱ्या मुलासाठी केलेली ही रचना आवराआवरीत मोठ्यांनाही तितकीच उपयोगी पडते, कारण हातात जुनी पत्रे किंवा कपडे असताना घड्याळ पाहून ‘चार वाजून सत्तावीस मिनिटे, म्हणजे अजून तेरा राहिली’ असा हिशेब कोणी करत बसत नाही. तबकडीकडे नुसती नजर गेली तरी किती वेळ उरला ते कळते आणि एकाच वस्तूवर आपण रेंगाळलो आहोत हेही लक्षात येते.

मोबाइलमध्ये टायमर असताना वेगळी वस्तू कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. वेळ पाहण्यासाठी मोबाइल उचलला की त्यावर आलेले निरोप दिसतात आणि आवरायला घेतलेला कप्पा उघडाच राहतो, हे त्याचे सरळ उत्तर. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून काम करण्याची मुभा हा टायमर देतो आणि एवढ्या एका कारणासाठीही तो घेण्यासारखा आहे. घेताना मात्र काही गोष्टी पाहाव्यात. साठ मिनिटांची तबकडी असलेला टायमर इतर कामांनाही चालतो, पण त्यावर पंधरा मिनिटे म्हणजे तबकडीचा फक्त चौथा भाग. त्यामुळे तबकडी लहान असेल तर खोलीच्या दुसऱ्या टोकावरून लाल पट्टी नीट दिसत नाही. आवराआवरीसाठी निदान तळहाताएवढी तबकडी हवी. चावीच्या यांत्रिक टायमरमध्ये कमी मिनिटे अचूक लागत नाहीत. आधी काटा पुढे नेऊन मग मागे आणावा लागतो, आणि त्याची टिकटिक काहींना अस्वस्थ करते. सेलवर चालणारा, आवाज कमी-जास्त करता येणारा आणि मागे टेकू असलेला टायमर अधिक सोयीचा. आवाज पूर्ण बंद करण्याची सोय असली तरी ती वापरू नये. वेळ संपल्याची सूचना कानांनी मिळाली नाही तर माणूस थांबत नाही, आणि थांबणे हाच या साधनाचा मुख्य उपयोग आहे.

किती वेळ लावावा? फ्रान्सेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासासाठी बसवलेल्या पोमोदोरो पद्धतीत २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती असते, आणि पुस्तकांच्या एका फळीसाठी किंवा कपड्यांच्या एका कप्प्यासाठी ते प्रमाण चांगले बसते. लहान खणाला पंधरा मिनिटे पुरतात. दोन्ही प्रसंगी शेवटची पाच मिनिटे नव्या वस्तूला हात न लावता, काढलेल्या वस्तू घराबाहेर जाण्याच्या जागी नेऊन ठेवण्यासाठी राखून ठेवावीत; हे न करणाऱ्यांच्या खोलीत टायमर वाजतो तेव्हा जमिनीवर तीन ढीग असतात आणि रात्री ते पुन्हा त्याच कप्प्यात जातात. ज्यांना घराकडे पाहूनच हातपाय गळाल्यासारखे होते त्यांनी दिवसाला असा एकच फेरा करावा. तेवढ्यात एक खण पूर्ण होतो, आणि पूर्ण झालेला खण दुसऱ्या दिवशीच्या उत्साहासाठी अर्ध्या उपसलेल्या खोलीपेक्षा कितीतरी अधिक मोलाचा असतो.

दुसरे साधन म्हणजे वर्गवारीसाठीच्या घडीच्या टोपल्या किंवा जाड पिशव्या. ‘ठेवायचे’, ‘द्यायचे’, ‘टाकायचे’ अशा तीन नावांचे संच विकत मिळतात. त्यांतली ‘ठेवायचे’ ही टोपली मला अनावश्यक वाटते, कारण ठेवायची वस्तू तिच्या जागीच परत जायला हवी. त्याऐवजी जी टोपली या संचांत सहसा नसते ती सर्वांत आधी करावी: ‘दुसऱ्या खोलीतले’. बैठकीच्या खणात सापडलेली कात्री स्वयंपाकघरात ठेवायला माणूस उठतो, तिथे ओट्यावरचे काहीतरी आवरू लागतो आणि पंधरा मिनिटे संपतात. ती कात्री या टोपलीत टाकून जागेवरून न हलता काम चालू ठेवले आणि शेवटी सगळी टोपली घेऊन घरभर एकच फेरी मारली, तर वेगात पडणारा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. टोपल्या कडक तळाच्या आणि दोन कड्यांच्या घ्याव्यात. मऊ कापडी टोपल्या अर्ध्या भरल्या की कलंडतात. ‘टाकायचे’साठी मात्र अपारदर्शक पिशवीच बरी, कारण टाकलेली वस्तू दिसत राहिली की हात पुन्हा तिकडे जातो.

चौथी टोपली ‘नक्की सांगता येत नाही’ची. अनेक मार्गदर्शक तिला सक्त विरोध करतात; माझे मत वेगळे आहे. अडलेल्या एका वस्तूपाशी दहा मिनिटे घालवण्यापेक्षा ती बाजूला ठेवणे शहाणपणाचे आहे, फक्त तिच्यावर तारीख हवी. जपानी कारखान्यांमधून जगभर गेलेल्या, कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या ‘फाइव्ह एस’ पद्धतीची पहिली पायरी ‘सेइरी’, म्हणजे हव्या-नकोची निवड. तिच्यात गरजेबद्दल शंका असलेल्या यंत्राला किंवा सुट्या भागाला लाल चिठ्ठी लावतात, तिच्यावर तारीख घालतात आणि ती वस्तू वेगळ्या जागी नेऊन ठेवतात. ठरलेल्या मुदतीत ती कोणी मागितली नाही तर ती काढून टाकली जाते. घरी यासाठी खास काही विकत घ्यावे लागत नाही. झाकणाचा एक खोका, चिकटपट्टी, जाड टोकाचे पेन आणि सहा महिन्यांनंतरची तारीख एवढे पुरते. खोका एकच असावा आणि तो भरला की नवी शंकास्पद वस्तू आत जाण्याआधी जुनी बाहेर पडावी, एवढा नियम मात्र पाळायलाच हवा, कारण त्याशिवाय हा खोका म्हणजे अडगळीची नवी खोलीच होते.

निर्णय अवघड का होतो हे समजून घेतले तर या टोपल्यांचा उपयोग आणखी वाढतो. डॅनियल काह्नमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले गेले. हा मग मिळालेल्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत ही न मिळालेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट होती. वस्तू आपली झाली की तिचे मोल आपल्या लेखी वाढते. पुढे २००९ मध्ये जोआन पेक आणि सुझॅन शू यांनी दाखवले की वस्तूला नुसता स्पर्श केला तरी आपलेपणाची भावना वाढते. यातून मला सर्वांत उपयुक्त वाटलेली युक्ती निघते आणि तिला काहीच खर्च नाही: सोबत कोणी असेल तर वस्तू त्याने उचलून दाखवावी आणि मालकाने हात न लावता फक्त टोपलीचे नाव सांगावे. वयस्कर आईवडिलांचे कपाट आवरताना हे विशेष चांगले चालते, मात्र मदतनिसाने स्वतःचे मत मांडायचे नाही आणि दुसऱ्याची एकही वस्तू त्याच्या नकळत टाकायची नाही. तसे एकदा झाले की विश्वास जातो आणि पुढचे कपाट उघडतच नाही. एकटेच असाल तर ‘ही वस्तू आज माझ्याकडे नसती तर मी मिळवली असती का?’ असा प्रश्न विचारावा. ‘हिचा कधी उपयोग होईल का?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी होच येते.

आता पारदर्शक डब्यांकडे वळते. ते वाईट नाहीत, पण त्यांची वेळ चुकते. आवरण्याआधी आणलेले डबे रिकामे दिसतात म्हणून भरले जातात, आणि काढायला हव्या होत्या त्या वस्तू नुसत्या झाकणाखाली जातात. वस्तू कमी झाल्यावर, उरलेल्यांचे माप घेऊन मग डबे आणावेत. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे डबे किंचित धुरकट असतात पण लवचिक असल्यामुळे टिकतात. काचेसारखे स्वच्छ दिसणारे पॉलिस्टायरीनचे डबे पडले की तडकतात. तळाकडे निमुळते होत गेलेले डबे रिकामे असताना एकात एक बसतात, परंतु भरून फळीवर ठेवल्यावर दोन डब्यांमध्ये बरीच जागा वाया जाते, म्हणून कायमच्या साठवणीला सरळ भिंतींचे घ्यावेत. सर्वांत आधी तुटतात त्या झाकण अडकवणाऱ्या बाजूच्या कड्या. झाकण नुसते दाबून बसणारे असेल तर ते अधिक वर्षे चालते.

मोठा डबा घेण्याचा मोह आवर्जून टाळावा, विशेषतः कागदांसाठी. नेहमीच्या ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) ए-४ कागदांचे पाचशेचे रीम सुमारे अडीच किलोचे असते आणि ते तीन लिटरच्या आसपास जागा घेते. म्हणजे तीस लिटरचा डबा कागदांनी गच्च भरला तर तो पंचवीस किलोच्या घरात जातो. असा डबा कोणी खाली उतरवत नाही, आणि जो डबा उतरवला जात नाही त्यातले काहीही कमी होत नाही. कागद आणि पुस्तकांसाठी पंधरा लिटरपर्यंतचा डबा पुरे. मोठे डबे उशा-पांघरुणांसारख्या हलक्या वस्तूंसाठी ठेवावेत.

हवा काढून टाकणाऱ्या पिशव्यांबद्दल माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. त्या आकार कमी करतात, वजन नाही, आणि वस्तूंची संख्या तर मुळीच नाही. न वापरलेले कपडे एक चतुर्थांश जागेत मावले की त्यांच्याबद्दल विचार करण्याची गरज संपल्यासारखी वाटते, आणि नेमके तेच या पिशव्यांचे नुकसान आहे. शिवाय झडपेतून किंवा तोंडाच्या पट्टीतून हळूहळू हवा शिरून त्या काही आठवड्यांत फुगू लागतात, पिसांची जाकिटे व रजया दीर्घकाळ दाबून ठेवल्याने त्यांचा फुगीरपणा घटतो, आणि किंचित दमट कपडा आत राहिला तर बुरशी येते. घर बदलताना किंवा प्रवासात त्या जरूर वापराव्यात.

श्रेडर हे असे साधन आहे की ज्याची गरज फार कमी जणांना आधी सुचते. कागदांचा ढीग हलत नाही याचे एक मोठे कारण म्हणजे त्यांवरचे नाव, पत्ता, खाते क्रमांक. ते तसेच टाकायची भीती वाटते आणि हाताने फाडायचा कंटाळा येतो. लांब पट्ट्या कापणारे यंत्र घेऊ नये, कारण पट्ट्या पुन्हा जुळवता येतात. कागद किती बारीक कापला जातो ते ठरवणाऱ्या डीआयएन ६६३९९ या मानकातील पी-४ पातळीचे, म्हणजे १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा तुकडा न सोडणारे यंत्र घरासाठी योग्य आहे. घरगुती श्रेडरची खरी मर्यादा वेगळीच आहे: ते काही मिनिटे सलग चालले की तापते आणि थंड होईपर्यंत बंद राहते, ज्यामुळे कामाची लय तुटते. म्हणून कागद निवडताना श्रेडर चालूच करू नये. ‘कापायचे’ अशी एक पिशवी भरावी आणि ती नंतर, डोके वापरावे न लागणाऱ्या वेळी, थोडी थोडी रिकामी करावी. पिना आणि क्लिपा किती चालतात ते पुस्तिकेत आधी पाहावे. मालमत्ता, शिक्षण, जन्म-मृत्यू आणि कर यांची कागदपत्रे या फेऱ्यात घेऊच नयेत. त्यांची निवड स्वतंत्रपणे आणि सावकाश करण्याचा विषय आहे.

आठवणींच्या वस्तूंसाठी मात्र मोबाइलचा कॅमेरा दुसऱ्या खोलीतून परत आणावा. कॅरेन विंटरिच, रेबेका रेचेक आणि ज्युली अर्विन यांच्या २०१७ सालच्या संशोधनात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत जुन्या वस्तू दान करण्याचे आवाहन दोन प्रकारे केले होते. जिथे आठवणीच्या वस्तूचा फोटो काढून ती दान करा असे सांगितले तिथे सुमारे १५ टक्के अधिक वस्तू जमा झाल्या. मुलांची चित्रे, करंडक, वापरात नसलेली वाद्ये यांच्याबाबत मी हे घडताना पाहिले आहे. वस्तू एकटी न टिपता तिच्या मालकाच्या हातात टिपली तर फोटोचे मोल आणखी वाढते. याउलट घरातील प्रत्येक वस्तूची फोटोसह नोंद ठेवणारी ॲप आवराआवरीसाठी मी मुळीच सुचवणार नाही, कारण त्यांत प्रत्येक वस्तूमागे नाव, जागा आणि वर्ग भरावा लागतो आणि सोपे करायचे काम दुप्पट होते.

नावाच्या पट्ट्या छापणाऱ्या यंत्रांबद्दल थोडक्यात: शाईविना उष्णतेने छापणाऱ्या साध्या कागदी पट्ट्या ऊन आणि उष्णतेने फिकट होतात, वरून पातळ थर असलेल्या पट्ट्या टिकतात. पण पहिल्या काही महिन्यांत कोणता डबा कुठे राहील हे बदलतच असते, तोवर चिकटपट्टी आणि पेन पुरेसे आहे.

राहता राहिले घराबाहेर जाणारे सामान. इतकी वर्षे घरे आवरताना सर्वाधिक अडलेले काम मला दाराजवळ दिसले आहे: ‘द्यायचे’ म्हणून भरलेली पिशवी तिथेच आठवडेच्या आठवडे पडून राहते आणि मग तिच्यातून वस्तू परत निघू लागतात. म्हणून आवरायला बसण्याआधीच ती कोणाला, कोणत्या दिवशी द्यायची हे ठरवावे आणि त्या माणसाला किंवा संस्थेला तसे कळवून ठेवावे. फाटके, मोडके सामान या पिशवीत घालू नये, ते निवडण्याचा भार घेणाऱ्यावर पडतो. खणांतून हमखास निघणारे जुने सेल आणि बॅटऱ्या, पारा असलेले सीएफएल दिवे आणि मुदत संपलेली औषधे यांच्यासाठी झाकणाचा एक लहान वेगळा डबा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावा. लिथियम बॅटरी चिरडली गेली किंवा तिची टोके एकमेकांना चिकटली तर ती पेट घेऊ शकते, म्हणून तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि हा डबा नेहमीच्या कचऱ्यात न देता त्या-त्या संकलन केंद्रावरच पोहोचवावा.